सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिऑसिस असू शकतो का?

तुमच्या 19 वर्षांच्या धाकट्या बहिणीचे दर पाळीला दोन-तीन दिवस कॉलेज बुडते, उलट्या होतात, सोनोग्राफीत मात्र काही आढळले नाही आणि ‘लग्न झाले की बरे वाटेल’ असे सांगून डॉक्टरांनी घरी पाठवले, असे तुम्ही लिहिले आहे. हा एंडोमेट्रिऑसिस असू शकतो का, तर हो, असू शकतो. मी डॉक्टर नाही. हा आजार नऊ वर्षे अंगावर काढलेली एक रुग्ण म्हणून मी हे उत्तर लिहीत आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, बीजनलिकांवर, ओटीपोटाच्या आतील आवरणावर, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजतात. दर महिन्याच्या संप्रेरकांचा परिणाम त्यांच्यावरही होतो, परंतु पाळीच्या रक्ताला असते तशी बाहेर पडण्याची वाट तेथील रक्ताला नसल्यामुळे त्या जागी सूज येते, व्रण धरतात आणि काही जणींमध्ये शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साचून झालेल्या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, कारण आतला द्रव तसाच दाट, तपकिरी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम वयाच्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जवळपास 19 कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे.

आता सोनोग्राफीविषयी. चॉकलेट सिस्ट तिच्यात दिसते, आणि खोलवर रुजलेला आजार अनुभवी डॉक्टरांना योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये ओळखता येतो. आवरणावर पसरलेले बारीक ठिपके मात्र बहुतेक वेळा दिसतच नाहीत. त्यातच अविवाहित मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच होते, त्यामुळे दिसण्यासारखे असलेलेही निसटू शकते. शिवाय दुखण्याची तीव्रता आणि आजाराचा पसारा यांचा मेळ बसतोच असे नाही. थोड्याशा ठिपक्यांनी एखादी मुलगी अंथरुणाला खिळते, तर मोठी गाठ असूनही एखादीला फारसे जाणवत नाही. पूर्वी लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीने आत पाहण्याची शस्त्रक्रिया, केल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती सक्ती सैल केली असून लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात.

मला सोळाव्या वर्षापासून त्रास होता. एसटी स्टँडच्या बाकावर दप्तर पोटाशी घट्ट धरून मी बसून राहत असे आणि कॉलेजची गाडी डोळ्यांसमोरून निघून जात असे. घरी ओव्याचे पाणी आणि गरम पाण्याची पिशवी मिळे, ‘बाईच्या जातीला हे चुकत नाही’ असेही ऐकावे लागे. माझी आई निष्ठुर नव्हती; तिलाही तिच्या आईने हेच सांगितले होते. एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मन घट्ट करायला सांगितले. शेवटी मी कालनिर्णयच्या पानांवर रोजची नोंद ठेवू लागले: दहापैकी किती दुखले, कोठे दुखले, शौचाच्या वेळी कळ आली का, गोळ्या किती घेतल्या, कोणते काम बुडाले. सहा महिन्यांची ती पाने ज्या डॉक्टरांनी एकेक करून उलटून पाहिली, त्यांनीच मला पहिल्यांदा या आजाराचे नाव सांगितले. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते.

लग्न किंवा बाळंतपण हा यावरचा इलाज नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काही काळ आराम पडतो, आजार जात नाही. उलट, हा आजार असलेल्या स्त्रियांपैकी साधारण 30 ते 50 टक्के जणींना गर्भधारणेत अडचण येऊ शकते, म्हणून लग्नापर्यंत थांबणे मला धोक्याचे वाटते. वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या किंवा डायनोजेस्टसारखे संप्रेरक यांनी पुष्कळ जणींना आराम मिळतो. अविवाहित मुलीला ‘तसल्या’ गोळ्या कशा द्यायच्या, असा प्रश्न घरातून येईल. ते औषध आहे आणि पाळीचे चक्र शांत ठेवण्यासाठी दिले जाते, हे तुम्ही शांतपणे समजावून सांगा. गाठीच्या शस्त्रक्रियेत बीजकोशाचा चांगला भागही कमी होऊ शकतो, आणि नंतर आजार पुन्हा उद्भवूही शकतो, त्यामुळे तो निर्णय घाईने घेऊ नये. गर्भाशय काढून टाकणे हा तर खात्रीचा उपाय नाहीच, कारण मुळात या पेशी गर्भाशयाबाहेर असतात. बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये कोवळ्या वयात काढली गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. त्यांच्या दुखण्याची कारणे निराळी असतील, पण बाईच्या ओटीपोटात दुखले की पिशवीच काढून टाकायची, ही सवय आपल्याकडे किती खोल गेली आहे ते त्यातून दिसले आणि मला फार वाईट वाटले.

बहिणीला दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, शक्यतो या आजाराचे रुग्ण नेहमी पाहणाऱ्यांकडे, आणि सोबत स्वतः बसा. घरात आई, मावशी, आत्या यांपैकी कोणाला असाच त्रास होता का, हे आधी विचारून ठेवा, कारण हा आजार घराण्यात आढळतो. शौचाला किंवा लघवीला होताना पाळीत कळ येते का, हे तिला एकांतात विचारा. लाजेने ती आपणहून सांगणार नाही. उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वेदनाशामक गोळी कळा वाढल्यावर घेण्याऐवजी पाळी येण्याच्या बेतात असतानाच सुरू केली तर अधिक लागू पडते, तेव्हा तिला ती केव्हापासून आणि किती द्यायची, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या.