व्हायरल लोड दबलाय, तरी सीडी४ २२० वरच का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं एचआयव्हीची गोळी चुकलेली नाही, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ‘टीएनडी’ येतो, म्हणजे तपासणीत विषाणू सापडत नाही, पण सीडी४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २२० च्या पुढे सरकत नाही. मग औषध लागू पडत नाही का? माझंही असंच अडलं होतं. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या एआरटी सेंटरचाच (जिथून एचआयव्हीचं औषध मिळतं ते केंद्र). पण टीएनडी येतोय म्हणजे औषध लागू पडतंय. गोळी विषाणूची वाढ थांबवते, गेलेल्या पेशी शरीरालाच नव्याने बनवाव्या लागतात.

त्या पेशी जातात कशा, हे मला फार उशिरा कळलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमध्ये वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने टॉन्सिलच्या पेशींवर केलेलं काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी सुमारे ९५ टक्क्यांत विषाणूची वाढ पूर्ण झालेलीच नसते. त्याचा अर्धवट डीएनए पेशीला जाणवतो आणि ती स्वतःच फुटते. याला पायरोप्टोसिस म्हणतात. फुटताना दाह वाढवणारी द्रव्यं बाहेर पडतात, त्यांच्या ओढीने आणखी सीडी४ पेशी तिथे येतात आणि त्याही मरतात. आग विझवायला धावलेलेच होरपळावेत, तसं. हे मुख्यतः लसिकाग्रंथींत आणि आतड्यात चालतं, रक्तातला आकडा तेव्हा बरा दिसू शकतो.

राग येतो तो इथे. माझं निदान झालं तेव्हा सीडी४ ३५० च्या खाली गेल्याशिवाय सरकारी औषध सहसा मिळत नसे. नियम होता, ठीक. पण मी जिथे जायचे (नाव घेत नाही) तिथे ‘आकडा छान आहे, त्रास झाला की या’ म्हणून फाईल हातात दिली. दर सहा महिन्यांनी सीडी४ तपासायचा असतो, हे एकाही माणसाने सांगितलं नाही. पुन्हा गेले ती टीबी घेऊनच, आकडा शंभराच्या आत. इतकं खाली गेल्यावर लसिकाग्रंथींमध्ये जखमेच्या वणासारखे तंतू धरलेले असतात, वयाबरोबर थायमसही (या पेशी जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी) आटतो, भरपाई रखडते. मला ३०० ओलांडायला वर्षं लागली. २०१७ पासून आकडा न बघता सगळ्यांना औषध मिळतं, त्यामुळे ओळखीत कुणी नवीन पॉझिटिव्ह असेल तर त्याला एक दिवसही थांबू देऊ नका.

तुमच्यासाठी: सीडी४ शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करा, साध्या तापानेही आकडा हलतो. सेप्ट्रान (इतर संसर्ग टाळायला देतात ती गोळी) चालू असेल तर मनाने सोडू नका, आकडा ३५० च्या वर स्थिरावेपर्यंत ती सहसा चालूच ठेवतात. खोकला, रात्रीचा घाम, वजन घटणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सेंटरला जा. इम्युनिटी पावडरवर पैसे घालवू नका. आणि टीएनडी आला म्हणून गोळी बंद करायचा विचारही नको: काही बाधित पेशी मरतच नाहीत, विषाणू पोटात घेऊन वर्षानुवर्षं झोपून राहतात, आणि गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परत येतो.