वेबसाइट नंतर, आधी कुरियरचा हिशोब करा

प्रश्न: मी नाशिकला सिडकोत राहते, घरून नागलीचे पापड आणि निफाडकडचे बेदाणे विकते. सगळं व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टावरच चालतं, महिन्याला पन्नासेक ऑर्डर होतात, पुण्या-मुंबईच्या जास्त. एकाने वेबसाइटचं 45 हजाराचं कोटेशन दिलंय, डोमेन, होस्टिंग, एसएसएल सगळं तोच त्याच्या नावावर घेणार म्हणतो. घेऊ का? अजून काय काय लागेल?

उत्तर: ताई, आत्ता नका घेऊ. पन्नास ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर आरामात सांभाळता येतात, अ‍ॅप फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाका, पैसे आले, पार्सल गेलं अशी लेबलं लावा आणि भाव विचारणाऱ्यांसाठी क्विक रिप्लाय सेट करून ठेवा.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मात्र आजच घ्या, पण स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर. डोमेन म्हणजे धंद्याचा सातबारा, तो दुसऱ्याच्या नावावर ठेवून चालतो का? घेताना दरवर्षीच्या रिन्युअलचा भाव बघा, पहिल्या वर्षीच्या ऑफरला भुलू नका. आणि एसएसएलचे, म्हणजे वेबसाइट सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे लावले असतील तर का ते विचारा, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, बऱ्याच होस्टिंगमध्ये (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत) ते आधीच असतं.

तुमचा खरा पैसा जातो कुरियरमध्ये, आणि पापडवाल्यांचा तर फारच. कुरियरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5000 ने भागतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. म्हणजे किलोभर पापड 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्यात टाकले की बिल 3 किलोचं, तेच 25 बाय 20 बाय 10 मध्ये नीट बसवले तर 1 किलोचं. म्हणून आधी दोन-तीन मापांची खोकी ठरवा, मग शिपरॉकेट या साइटवर चार कुरियरचे भाव एकत्र बघा, स्पीड पोस्टचा पण काढा. कॅश ऑन डिलिव्हरी शक्यतो नकोच, गिऱ्हाइकाने पार्सल परत पाठवलं की जाण्यायेण्याचं भाडं तुमच्याच डोक्यावर आणि पापडांचा चुरा तो वेगळा.

पैसे घ्यायला सध्या यूपीआय क्यूआर बास. रेझरपेसारखा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा, वेबसाइट झाल्यावर घ्या, 2 टक्के फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर हजाराच्या ऑर्डरमागे 23 रुपये 60 पैसे जातात, ते भावात धरायला विसरू नका.

कागदपत्रांचं पण बघाच. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर हवाच. पापडाला जीएसटी नाही पण बेदाण्याला 5 टक्के आहे, त्यामुळे बेदाणे महाराष्ट्राबाहेर विकायचे तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते, सुरत-इंदूरच्या ऑर्डरी घ्यायच्या आधी सीएला एकदा विचारून घ्या.

ऑर्डरी इतक्या वाढल्या की मेसेज हातातून सुटायला लागले, तेव्हा वेबसाइट. घरात कोणी थोडंफार कॉम्प्युटर जाणणारं असेल तर वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन घ्या, ते फुकट आहे, होस्टिंगचा खर्च तेवढा, पण अपडेट आणि बॅकअप तुम्हालाच बघावे लागतील. कोणी नसेल तर शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकानाची सेवा, दर महिन्याला भाडं जातं पण डोक्याला ताप कमी. काम कुणालाही द्या, अ‍ॅडमिन लॉगिन तुमच्याकडे राहील हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.