खटकलं तिथे थांब

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नवी नोकरी घ्यावी याच्या बाजूने तू १३ मुद्दे काढलेस, घेऊ नये याच्या बाजूने ३, आणि अगदी तळाला एक ओळ लिहिलीस: ‘तरीही मनात पाल चुकचुकते आहे, ताई. कागदाचं ऐकू की मनाचं?’ मुद्दे मी भराभर वाचले. त्या ओळीपाशी मात्र थांबले, आणि हे पत्र तिच्याचसाठी लिहिते आहे.

तू माझ्या शेजारच्या टेबलावर दोन वर्षं बसलास. पहिल्याच महिन्यात तू मला विचारलं होतंस, ‘तुम्ही पानावरून नुसती नजर फिरवता आणि पेन्सिल नेमकी चुकीवर कशी थांबते?’ तेव्हा कामाच्या गडबडीत मी ‘सवयीने’ म्हणून विषय संपवला. खरं उत्तर आज देते. पान वाचताना मला कुठेतरी खटकतं. काय खटकलं हे त्या क्षणी मला ठाऊक नसतं. डोळा दोन शब्द पुढे गेलेला असतो, हात मागेच थांबलेला असतो. मग मी मागे येते आणि शोधते. कधी ‘आणि’मधला ‘णि’ दीर्घ पडलेला असतो. कधी ज्या गृहस्थाचं वय चार पानं मागे ६२ होतं, तो इथे ५८चा झालेला असतो. गंमत अशी की तो ६२चा आकडा मी लक्षात ठेवलेला नसतो. माझ्याच आत कुणीतरी ठेवलेला असतो. ३१ वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासली, पण त्या कुणाशी माझी समोरासमोर भेट कधी झाली नाही. जाणिवेच्या पलीकडे बसून काम करणारी ही आपली नेणीव.

नेणीव म्हटलं की पुष्कळांना मनोविश्लेषक फ्रॉइड आठवतो, दडपलेल्या इच्छा आणि स्वप्नांचे अर्थ आठवतात. मी त्याहून खूप साध्या गोष्टीबद्दल बोलते आहे. जिना उतरताना पाऊल किती खाली टाकायचं, गर्दीत समोरून येणाऱ्याला कोणत्या बाजूने वाट द्यायची, फोनवरच्या ‘हॅलो’तून पलीकडचा माणूस रडून बसला आहे हे कसं कळतं, या सगळ्याबद्दल. आपली भाषा हे फार पूर्वीपासून जाणते. हात बसतो म्हणते, अंगवळणी पडतं म्हणते. शिकलेलं तिने डोक्यात नाही ठेवलं, हातात आणि अंगात ठेवलं.

एक उदाहरण मी कधी विसरू शकत नाही. १९८८मध्ये एका ३४ वर्षांच्या बाईंच्या मेंदूला कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने इजा झाली. शोधनिबंधांत त्यांना फक्त ‘डी. एफ.’ म्हटलं आहे. डोळे शाबूत होते, रंग ओळखता येत होते, पण समोरच्या वस्तूचा आकार काही केल्या कळेना. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिलनर या संशोधकांनी त्यांच्यासमोर टपालपेटीला असते तशी एक फट ठेवली. ती हवी तशी तिरकी फिरवता यायची. हातात एक कार्ड दिलं आणि सांगितलं, फट जशी तिरकी आहे तसंच कार्ड धरून दाखवा. त्यांना जमेना, नुसते अंदाज. मग सांगितलं, बरं, कार्ड आत टाका. हात निघाला आणि निघता निघताच मनगट वळू लागलं, फटीपाशी पोचेपर्यंत कार्ड बरोबर त्या तिरकेपणात आलेलं होतं, सरळ आत गेलं. हे १९९१मध्ये प्रसिद्ध झालं. बाईंना दिसत नव्हतं ते त्यांच्या हाताला दिसत होतं.

तुझ्या आणि माझ्या मेंदूतही हे दोन रस्ते आहेत: एक समोर काय आहे ते ओळखणारा, दुसरा दिसेल त्याप्रमाणे हात चालवणारा. आपले शाबूत आहेत म्हणून ते वेगळे असल्याचं आपल्याला कळत नाही, एवढंच.

आता इथपर्यंत वाचून तुला वाटेल, म्हणजे ताई सांगताहेत मनाचं ऐक. थांब. तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगते.

तू येण्याच्या बऱ्याच आधी मला एक मदतनीस निवडायचा होता. दोघं शेवटपर्यंत आले, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांना एकच पान तपासायला दिलं. तिने १४ चुका काढल्या, त्याने ९. मी त्याला घेतलं. विचारणाऱ्यांना कारणंही दिली: तो शांत आहे, घाई करत नाही, अक्षर नेटकं आहे, चुका काढणं काय, शिकवता येईल. प्रत्येक कारण मला मनापासून पटलेलं होतं. पुढे वर्षभराने जुने फोटो चाळताना माझ्या धाकट्या भावाचा फोटो हाती आला. तो तरुणपणीच गेला. फोटोत तो मान किंचित डावीकडे कलती करून कुणाचं तरी ऐकतो आहे. तो मुलगा अगदी तसाच ऐकायचा. बसल्या जागी मला घाम फुटला. निवड त्या कलत्या मानेने केली होती, आणि नेटक्या अक्षराची कारणं मी मागाहून जोडली होती. त्या मुलीवर मी अन्याय केला. तो भरून काढण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

मी खोटं बोलले नव्हते, हे नीट ध्यानात घे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७७च्या निबंधात एक साधा प्रयोग आहे. लोकांसमोर नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि सर्वांत चांगला कोणता ते विचारलं. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी सर्वांत उजवीकडच्या जोडाला डावीकडच्याच्या जवळपास चौपट पसंती मिळाली. कारण विचारलं तर लोक वीण, पोत असं काहीबाही सांगत. जागेचा परिणाम झाला असेल का, असं थेट विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी तो साफ नाकारला. निवड आतून झालेली असते. आपण तिचे बातमीदार असतो, आणि बातमीदार घटनास्थळी हजर नसला तरी बातमी लिहितोच.

म्हणून तुझ्या १३ मुद्द्यांकडे मी पुन्हा गेले, या वेळी प्रूफ वाचावं तशी. आठव्यापासून पुढचे सगळे मुद्दे ‘शिवाय’ने सुरू होतात. शिवाय ऑफिस जवळ आहे, शिवाय तिथे ग्रंथालय आहे. मन ठरवून मोकळं झालं की कारणांची रांग लांबत जाते, तसं काहीसं मला इथे दिसलं. पहिले चार मुद्दे तुझे आहेत. पुढचे तू स्वतःला पटवण्यासाठी लिहिलेस असं मला वाटतं.

मग ऐकायचं कुणाचं? माझ्या मते प्रश्न असा विचार: ज्या गोष्टीबद्दल मन कौल देतं आहे, त्या गोष्टीचं शिक्षण त्याला कधी मिळालं आहे का?

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला तर मुरलेला खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडतो, नवख्याला मोजक्याच आठवतात. पण त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून दाखवल्या की मुरलेल्याचं जवळजवळ सगळं वर्चस्व नाहीसं होतं. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. खऱ्या डावांतल्या हजारो रचना त्याच्या नजरेत भिनल्या होत्या. २००९मध्ये डॅनियल काहनेमान आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी मिळून एक निबंध लिहिला. एकाने आयुष्य अंतःप्रेरणेच्या चुका दाखवण्यात घालवलेलं, दुसऱ्याने अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांसारख्या लोकांची अचूक अंतःप्रेरणा अभ्यासण्यात. तरी दोघांचं दोन अटींवर एकमत झालं. ज्या क्षेत्रात काम आहे तिथे काही नियमितपणा हवा, आणि तो शिकण्याची पुरेशी संधी, म्हणजे आपलं चुकलं की बरोबर आलं हे वेळेवर कळण्याची सोय हवी.

मुद्रितांच्या बाबतीत माझ्यापाशी दोन्ही होतं. सुटलेली चूक दुसऱ्या दिवशी छापून समोर यायची आणि दिवसभर सलायची. त्या सलण्यानेच नजर तयार झाली. माणसं निवडण्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. उभ्या आयुष्यात मी पाच-सहा जणं निवडली असतील, आणि ज्यांना नाकारलं त्यांचं पुढे काय झालं हे मला कधी कळलंच नाही. पण खटकण्याचा किंवा आवडण्याचा आतला आवाज दोन्हीकडे सारखाच ठाम होता. मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं ते हेच. शिकलेला आवाज आणि न शिकलेला आवाज कानाला एकसारखेच लागतात. म्हणून तू आलास तेव्हा तुझं तपासलेलं पान मी आधी पाहिलं, गुण कागदावर टाकले, पाकीट बंद केलं आणि मगच तुला आत बोलावलं.

तुझी पाल कशाबद्दल चुकचुकते आहे? एक शक्यता तुला आवडणार नाही, पण लिहिते. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक बाई होत्या, त्यांना नवीन काहीच लक्षात राहत नसे. एकदा क्लापारेदांनी बोटांत टाचणी लपवून त्यांच्याशी हात मिळवला. टोचल्याचं त्या थोड्याच वेळात विसरल्या. पुढे डॉक्टरांनी हात पुढे केला तर बाईंनी आपला मागे ओढला. का, ते सांगता येईना. हे १९११ सालचं लिखाण आहे, आणि असा प्रयोग आज कुणी करू नये. पण आपल्यापैकी प्रत्येकाला अशी एखादी टाचणी टोचलेली असते. तुझ्या पहिल्या नोकरीत सगळ्यांदेखत तुझा जो अपमान झाला, ती तुझी टाचणी. नवीन जागा म्हटलं की तुझा हात मागे येत असेल तर त्यात त्या जागेचा काही दोष नाही.

दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तू एक वाक्य लिहून पुढे निघून गेलास: ‘या पदावर आधी कोण होतं असं विचारलं तर ते हसले आणि रजेच्या नियमांबद्दल सांगू लागले.’ त्यानंतर पुढच्या परिच्छेदात तुझं अक्षर बदललं आहे, ओळी वर चढल्या आहेत. माझी पेन्सिल तिथे थांबली. माणसांनी विषय बदललेला तू लहानपणापासून शेकडो वेळा पाहिला आहेस, आणि त्यांनी तो का बदलला हेही पुढे तुला कळत आलं आहे. त्या बाबतीत तुझं मन अडाणी नाही. १६ मुद्द्यांत मात्र या वाक्याला कुठेच जागा मिळालेली नाही.

तू त्या दोन दिवसांच्या अंतर्मन जागवणाऱ्या शिबिराचंही विचारलंस. जाऊ नकोस. या विषयाच्या नावावर फसवणूक नवी नाही. १९५७मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने दावा केला की चित्रपट चालू असताना पडद्यावर निमिषभर, कुणाच्या लक्षात न येणारे संदेश दाखवून त्याने खाण्यापिण्याची विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. काही वर्षांनी त्यानेच कबूल केलं की त्या दाव्याला पुरेसा आधार नव्हता. आणि मेंदू आपल्याआधी ठरवतो म्हणून माणसाच्या हाती काहीच नाही, असं जे तू ऐकलंस, ते मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांच्या १९८३च्या प्रयोगावरून निघतं. बोट हलवण्याची इच्छा जाणवण्याआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत तयारीची लहर दिसते, हे खरं. पण ती लहर म्हणजे निर्णयच, यावर अजून वाद आहे, आणि विनाकारण बोट हलवणं व नोकरी बदलणं या एका मापाच्या गोष्टी नव्हेत.

रात्रभर विचार बाजूला ठेवून झोपावं का, हेही तू विचारलंस. जरूर झोप, पण आधी काम करून. गणिती आंरी प्वांकारे यांना एक अवघड उत्तर बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी सुचलं, ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. त्याआधी ते कित्येक दिवस त्याच प्रश्नाशी झगडत होते, हे सांगायचं राहून जातं.

तेव्हा असं कर. उद्या त्यांना फोन कर आणि तोच प्रश्न पुन्हा, शांतपणे विचार: आधी कोण होतं, आणि त्यांनी का सोडलं. फोन करण्यापूर्वी एका वहीत तारीख घालून लिही की तुला काय उत्तर येईल असं वाटतं आणि तुझं मन आत्ता कुठे झुकलं आहे. आधीच लिही. नंतर लिहिलंस तर मन मागचा मजकूर बदलेल आणि तुला पत्ताही लागणार नाही. उत्तर आलं की त्याखाली उत्तर लिही. नोकरी घेतलीस तर सहा महिन्यांनी तेच पान उघड. अशी १५-२० पानं साठली की कोणत्या बाबतीत तुझं खटकणं खरं निघतं आणि कोणत्या बाबतीत ती नुसती जुनी टाचणी असते, ते तुझं तुलाच दिसू लागेल. मी हे फार उशिरा सुरू केलं.

तुझं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे. दुसऱ्या पानावर समासात पेन्सिलची खूण केली आहे.

तुझी,
ताई