आवाजाच्या पुढे बघ

तुला विमानं बघून ओळखायला शिकायचंय, आणि नाशिकजवळच्या ओझरला, जिथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे, मामाकडे राहतोस म्हणजे अर्धं काम झालंय. आता पहिली सवय मोड: आवाज येतो तिकडे बघायचं नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. विमान 5 किलोमीटरवर असेल तर आवाज तुझ्या कानाशी यायला 15 सेकंद लागतात, आणि ताशी 900 किलोमीटरने जाणारं जेट तेवढ्यात पावणेचार किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या बरंच पुढे नजर टाक. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोवर नुसतं रिकामं आभाळ बघत मान दुखवून घेतली.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नकोस, शेपटी बघ. दोन उभ्या शेपट्या, दोन इंजिनं आणि मुख्य पंखांच्या पुढे छोटे पंख दिसले तर सुखोई-30. एकच उभी शेपटी, त्रिकोणी पंख आणि मागे आडवे पंख अजिबात नाहीत, तर तेजस. मिग-21 चेही पंख त्रिकोणी, पण त्याला मागे आडवे पंख असायचे आणि हवा थेट नाकातून आत जायची. इथेच बनायचं ते. हवाई दलाने सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त केलं.

फोटोचा मोह मात्र आवर. संरक्षण खात्याची जागा आहे, कुंपणापाशी कॅमेरा काढू नकोस. द्राक्षबागेच्या बांधावर वही घेऊन बस. वेळ, दिशा, वारा लिही. विमानं शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच उड्डाण घेतात आणि उतरतात, हे तुझ्याच नोंदींत दिसेल.