आधी घरातलं वायफाय, मग हॅकिंग

प्रश्न : दापोली तालुक्यात हर्णैजवळ आमचं घर आहे आणि पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. मुलगा यंदा बारावी कॉमर्स झाला, ५७ टक्के. डोंबिवलीच्या त्याच्या काकांनी ठाण्यातला एक क्लास शोधलाय. नेटवर्किंग, डेटाबेस, क्लाउड आणि एथिकल हॅकिंग, सहा महिने, फी ९५ हजार, नोकरीची हमी. मोबाइलमध्ये तो दिवसरात्र असतोच, म्हणजे बेसिक येतंय, डायरेक्ट पुढचं शिकवा, असं काकांचं म्हणणं. मुलगा मात्र तयार होत नाही. दिवाळीत बुकिंग त्याच्याकडे दिलं, तर एकच खोली दोन कुटुंबांना देऊन बसला. पाहुण्यांसमोर त्याला चांगलाच फैलावर घेतला. वायफाय गेलं तर बटण बंद-चालू करण्यापलीकडे त्याला काही येत नाही. गणपतीत मुंबईकर येतील तेव्हा सगळ्यांना काय सांगायचं? सोसायटीचं कर्ज काढून फी भरावी का?

(पत्राखाली मुलाच्या अक्षरात : सर, मला शिकायचंय, पण पहिल्यापासून. काही विचारलं की घरात सगळे हसतात.)

उत्तर : भाऊ, फी भरू नका. कर्ज तर मुळीच नको. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण पत्र वाचल्यावर मला क्लासपेक्षा दुसऱ्याच गोष्टींची काळजी वाटली.

एक तर ते गणपतीचं वाक्य. ‘सगळ्यांना काय सांगायचं’ हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे, बाकीचे त्याच्या मागून आलेत. मुंबईकर चार दिवस येतील, घावणे खातील, मुलांची चौकशी करतील आणि परत जातील. त्यांच्या चार दिवसांसाठी याचे सहा महिने आणि तुमचे ९५ हजार पणाला लावू नका. विचारलंच कुणी, तर ‘घरी बसून कॉम्प्युटर शिकतोय’ असं सांगा. ते खरंही असेल.

दुसरं म्हणजे ते हसणं. या विषयात नवख्या माणसाला दिवसातून दहा वेळा बाळबोध प्रश्न पडतात. फाइल सेव्ह केली ती गेली कुठे? वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, मग पान का उघडत नाही? हे ज्याला विचारता येतं तोच पुढे जातो. विचारलं की हसू होतं हे ज्याला घरात कळलं, तो क्लासमध्येही मागच्या बाकावर मान डोलवत बसेल आणि सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन तसाच परत येईल. मुलगा आळशी आहे असं तुम्हाला वाटतंय. मला त्याच्या दोन वाक्यांत आळस दिसला नाही. ‘पहिल्यापासून’ शिकायचं म्हणणारी मुलं माझ्याकडे फार कमी येतात.

आणि ते दिवाळीचं बुकिंग. बारावीच्या वर्षात, ऐन गर्दीच्या हंगामात, तीन खोल्यांची वही एकट्या मुलाच्या हाती दिलीत आणि चुकल्यावर पाहुण्यांसमोर झापलंत. भाऊ, यात चूक कुणाची, हे मी लिहायला हवं का?

आता तो गैरसमज. मोबाइल येतो म्हणजे कॉम्प्युटर येतो असं नाही. मोबाइल बनवणाऱ्यांनी सगळी मेहनत घेतलीय ती आतलं काही दिसू नये म्हणून. फोटो काढला की तो कुठल्या फोल्डरमध्ये गेला, त्याचा आकार किती, अ‍ॅप बंद झालं तर मेमरीतलं काय पुसलं गेलं आणि स्टोरेजमध्ये काय उरलं, यातलं काही कळायची गरजच पडत नाही. म्हणून दिवसाला शंभर रील पाहणाऱ्या मुलाला पहिल्यांदा कॉम्प्युटरवर बसवलं, की फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना तो अडतो. ही त्याची बुद्धी कमी असल्याची खूण नाही. मोबाइल वापरण्यासाठी हे शिकावंच लागत नाही, एवढंच. काकांनी तेवढी पायरी वगळून थेट हॅकिंगवर उडी मारलीय. ज्याला अजून वायफाय आणि इंटरनेट यातला फरक कुणी सांगितला नाही, त्याला दुसऱ्याचं नेटवर्क फोडायला काय शिकवणार?

नोकरीची हमी देतात ना? मग लेखी मागा : कुठलं पद, किती पगार, नाही मिळाली तर पैसे कधी परत. बहुतेक ठिकाणी संभाषण इथेच संपतं. शिवाय नेटवर्किंगमधलं सीसीएनए हे नावाजलेलं प्रमाणपत्र सिस्को कंपनीची परीक्षा पास झाल्यावर मिळतं आणि तीन वर्षं चालतं. क्लासने स्वतःच्या लेटरहेडवर छापून दिलेला कागद म्हणजे सीसीएनए नव्हे.

इथून पुढचं मुलासाठी.

बाळा, तुला शिकायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी तुझ्या घरात आहेत. पुढच्या वेळी वायफाय गेलं की राउटर जरूर बंद-चालू कर, मोठ्या ऑफिसातसुद्धा पहिली पायरी तीच असते. पण त्याआधी थोडा शोध घे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाक. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून एक पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तुमच्या राउटरचा. घरातल्या प्रत्येक फोनला राउटरच असा एकेक पत्ता देतो, आणि १९२.१६८ चे पत्ते फक्त आतल्या वापराचे, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. आता राउटरला पिंग कर, म्हणजे त्याच खिडकीत ping लिहून पुढे त्याचा पत्ता टाक आणि तो उत्तर देतो का बघ. उत्तर आलं नाही तर भानगड घरातच आहे. आलं, तर ८.८.८.८ ला पिंग कर, तो गूगलचा सर्व्हर आहे. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, म्हणजे बहुतेक बाहेरची लाइन गेली. मग कंपनीला फोन लाव आणि पाहुण्यांना तसं स्पष्ट सांग. हाही उत्तर देतो, पण वेबसाइटच्या नावाने काहीच उघडत नाही? मग बिघाड डीएनएसमध्ये शोध. आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था, १९८३ मध्ये आलेली. एवढं जमलं की तू नेटवर्किंगला सुरुवात केलीस. पाहुण्यांना त्यातलं काही कळणार नाही, पण तुझ्या बाबांना कळेल.

दुसरी गोष्ट, ज्यावरून बोलणी खाल्लीस ती. एकच खोली दोघांना जाणं हा डेटाबेसमधला अगदी मूळचा प्रश्न आहे. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं तेव्हा हजारो लोक एकाच क्षणी तुटून पडतात, तरी एक बर्थ दोघांच्या नावावर चढत नाही (आरएसीचं दुखणं वेगळं). ते सांभाळतो डेटाबेस, म्हणजे माहिती नीट तक्त्यांत सांभाळणारी व्यवस्था. वहीत किंवा एक्सेलमध्ये तू काहीही लिहू शकतोस, सहसा कुणी अडवत नाही. डेटाबेसला मात्र नियम घालून देता येतो.

तुमची बुकिंगची वही घे आणि तिचे तीन तक्ते कर. पाहुण्यांचा एक, खोल्यांचा एक, आणि तिसरा बुकिंगचा. प्रत्येक पाहुण्याला एक क्रमांक दे. दरवर्षी येणारं कुटुंब मग एकदाच लिहिलं जाईल. फोन नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचा. बुकिंगच्या तक्त्यात प्रत्येक रात्रीची वेगळी ओळ ठेव : खोली, तारीख, पाहुण्याचा क्रमांक. आणि नियम असा घाल की खोली आणि तारीख ही जोडी दुसऱ्यांदा येता कामा नये. दिवाळीतली ती दुसरी नोंद तू भरायला गेला असतास, तर डेटाबेसनेच ती नाकारली असती. माहिती अशी तक्त्यांत मांडायची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली मांडली, आणि बँकांपासून रुग्णालयांपर्यंत आजही काम तिच्यावरच चालतं. लिब्रेऑफिस बेस या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकट करून बघता येतं. नंतर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घे आणि एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेची, वाक्यं स्वतःच्या हाताने लिही. तुझ्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप आपली माहिती एसक्यूलाइटमध्येच ठेवतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत. तिथून सुरू कर.

हसू झालं तरी विचारत राहा. घरात नको वाटलं तर मला लिही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. बीसीए या कॉम्प्युटरच्या पदवीला २०२४ पासून सीईटी लागते, दिली नसेल तर पुढच्या वर्षी. आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड बरा आहे. बीकॉम करत हे शिकलास तरी काही बिघडत नाही. एमएस-सीआयटी सरकारी भरतीला उपयोगी पडतं, ते करून टाक, पण त्याला शिक्षण समजू नकोस.

भाऊ, शेवटचं तुमच्यासाठी. फीच्या पाव भागात सेकंडहँड लॅपटॉप येतो. आठ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आहे एवढं बघून घ्या, आणि बॅटरी चांगली बघा, कारण पावसात तुमच्याकडे लाइट किती वेळ टिकते ते तुम्ही जाणताच. हर्णैच्या होड्या शाकारलेल्या आहेत आणि खोल्याही रिकाम्या, तेव्हा त्यातली एक त्याला दिवाळीपर्यंत बसायला द्या. दिवाळीचं बुकिंग पुन्हा त्याच्याकडेच द्या, या वेळी वही तुमच्याकडे आणि डेटाबेस त्याच्याकडे. दोन्ही रोज रात्री एकदा ताडून बघा. चूक सापडली तर ती दोघांतच ठेवा, पाहुण्यांपर्यंत नको. त्यानंतरही त्याला क्लास हवासा वाटला तर त्यालाच शोधू द्या, कुठला वायफळ आहे हे त्याला तोवर ओळखता येऊ लागलेलं असेल.

आणि काकांना नकाराचा फोन तुम्ही करा, त्याला करायला लावू नका.