परवाना मिळाला, आता .३२ रिव्हॉल्व्हर, .३२ पिस्तूल की .२२?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पेट्रोल पंपाची रोकड रोज संध्याकाळी तालुक्याच्या बँकेत न्यावी लागते. स्वसंरक्षणासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना मंजूर झालाय आणि त्यावर 'रिव्हॉल्व्हर/पिस्तूल, एन.पी. बोअर' (बोअर म्हणजे नळीचं माप, एन.पी. म्हणजे प्रतिबंधित नसलेला) असं लिहिलंय. ह्यूस्टनचे मेहुणे म्हणतात, ९ एम.एम.च्या खालचं काही घेऊ नका, आणि दुकानदार .३२ शिवाय दुसरं काही दाखवायला तयार नाही.

मेहुणे खोटं सांगत नाहीत, पण ते टेक्सासचं सांगताहेत. तिथल्या पोलिसाच्या कमरेला जे असतं तेच साधा नागरिक दुकानातून घेऊ शकतो. आपल्याकडे निम्मा निर्णय सरकारने आधीच करून ठेवलाय. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ज्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाशी बाहेर आलेली कड असणारी) काडतुसं, नाहीतर सैन्या-पोलिसांची ९ एम.एम.ची बिनरिमची काडतुसं बसतात, ती सगळी प्रतिबंधित धरली आहेत. यामागचा हिशेब सरळ आहे: सरकारी कोठारातून काडतूस बाहेर पडलंच, तर ते खाजगी हत्यारात बसता कामा नये. म्हणून ९ एम.एम.चा विषय इथेच सोडा. कुणी 'जुगाड करून देतो' म्हणाला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा प्रतिबंधित शस्त्र किंवा काडतूस बाळगण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त १४ वर्षं आहे.

आता उरलेल्यांत फरक किती, ते बघू. आकडे सर्वसाधारण आहेत, नळीच्या लांबीनुसार बदलतात. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस, म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग: साधारण ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूल. .३२ पिस्तुलाचं, म्हणजे .३२ ए.सी.पी.: गोळी ७१ ग्रेनची, हलकी पण वेगवान, ऊर्जा पुन्हा पावणेदोनशेच्या आसपास. .२२ लाँग रायफलचं काडतूस छोट्या नळीतून सव्वाशेच्या आगेमागे. मेहुण्यांची ९ एम.एम. मात्र पाचशेला टेकते. म्हणजे .३२ आणि ९ एम.एम. यांत जवळजवळ तिपटीचं अंतर आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रिव्हॉल्व्हरची .३२ आणि पिस्तुलाची .३२ यांत ऊर्जेवरून भांडण्यासारखं काहीही नाही. दोन्ही काडतुसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाच वर्षांतली, एक १८९६ चं आणि दुसरं १८९९ चं.

.३२ अगदीच निकामी आहे असंही मानू नका. जर्मनीत पोलिसांच्या कमरेला १९७० च्या दशकापर्यंत याच .३२ ए.सी.पी.ची (तिकडे तिला ७.६५ मि.मी. म्हणतात) वॉल्थर पीपी असायची. पुढे दहशतवाद वाढला तेव्हा त्यांनी ९ एम.एम. घेतली हेही खरं. ज्यांना बदलता आलं त्यांनी बदललं. .३२ लाँगची खरी कमाई वेगळी आहे. २५ मीटर सेंटर-फायर (पेट घेणारं मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी असणाऱ्या) पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नेमबाज आजही मोठ्या प्रमाणावर हेच काडतूस वापरतात, कारण त्याचा झटका कमी आणि नेम फार एकसारखा. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच सेंटर-फायर प्रकारात. शक्तीने बेताचं, पण जिथे रोखाल तिथे जाणारं काडतूस.

आणि हत्यार कमरेला लावणाऱ्याच्या दृष्टीने हाच गुण जास्त मोलाचा, असं माझं मत आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफ.बी.आय. आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला ९ एम.एम.ची गोळी सुरुवातीलाच लागली होती, ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. त्यावर एफ.बी.आय.ने वर्षानुवर्षं काथ्याकूट केला, १० एम.एम. आणली, मग .४० आणली, आणि २०१० च्या दशकात परत ९ एम.एम.वर आली. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडतो. हातात मावणाऱ्या कुठल्याच हत्याराने तसं होत नाही. गोळी कुठे लागली आणि पुरेशी आत गेली का, एवढंच शेवटी बघितलं जातं. आपल्याकडे गोळी आणखी आत जाईल असं करायला फारसा वाव नाही, म्हणून नेमावर जास्त भार द्यायचा.

तेव्हा तुमचा प्रश्न बोअरचा कमी आणि यंत्राचा जास्त आहे. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

मी तुम्हाला रिव्हॉल्व्हर सांगेन. रोकड नेताना काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा, सिलिंडरमधलं काडतुसाचं पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचून फुसकं काडतूस बाहेर काढावं लागतं, त्याला दोन्ही हात लागतात आणि ती सवय अंगात मुरलेली असावी लागते. शिवाय .३२ ए.सी.पी.च्या काडतुसाला अर्धवट रिम असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी ठप्प होतं. काळजीपूर्वक भरणाऱ्याला हा त्रास होत नाही, पण घाईत भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, रिव्हॉल्व्हरपेक्षा एक-दोन गोळ्या जास्त मावतात. तुम्ही नियमित रेंजवर जाणार असाल तर जरूर घ्या. वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेसाठीच बाहेर काढणार असाल तर रिव्हॉल्व्हर.

एक सावधगिरी: दोन्हींना '३२ बोअर'च म्हणतात, पण काडतुसं वेगळी आहेत. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतं म्हणून चालवून बघणारे महाभाग आहेत. तसं करू नका. दुकानात गोळ्या घेताना डबीवरचं नाव वाचून घ्या.

रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं तर वजन बघा. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' आणलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, जेमतेम अर्धा किलो, किंमत तेव्हा १,२२,३६०. महिलांसाठी म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. पर्समध्ये न्यायला ठीक. पण रिव्हॉल्व्हरचा चाप मुळात जड असतो, आणि हत्यार हलकं असेल तर चाप ओढता ओढता नळी हलते. नवशिक्याची पहिली गोळी डाव्या बाजूला खाली जाते ती बहुतेकदा यामुळेच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेलं 'प्रबल' साधारण ७०० ग्रॅमचं आहे आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. जुनी सरकारी .३२ मध्यभागी मोडून वर उघडायची, जुन्या वेब्लीच्या ढंगाची. बाजूला उघडणाऱ्यात भरणं-रिकामं करणं नव्या माणसाला सोपं जातं. 'वेब्ली अँड स्कॉट' नावाचं .३२ आता उत्तर प्रदेशातच बनतं, तेही बघा. ब्रँडपेक्षा एक गोष्ट तपासा: दुकानदाराच्या परवानगीने, हत्यार रिकामं असल्याची खात्री करून, घोडा आधी न चढवता चाप सलग ओढून बघा. बोट अर्ध्यात थकत असेल तर ते हत्यार तुमचं नाही, मग ते कितीही देखणं असो.

आजोबांच्या काळातली परदेशी माउझर, कोल्ट कुणी विकतंय म्हणून लाखांत पैसे ओतू नका. वैयक्तिक आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने त्यांना दुर्मीळ वस्तूची किंमत आली आहे. सुटे भाग मिळत नाहीत, काडतुसं महाग. तो शौक आहे, संरक्षण नव्हे.

काडतुसांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमका तोच विचारत नाहीत. .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं आपल्या पुण्यातच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. पुंगळीच्या बुडाशी 'के.एफ.' असा शिक्का दिसेल. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक लोक ती सगळी कपाटात साठवतात आणि एकही उडवत नाहीत. त्यापेक्षा वर्षाच्या कोट्यातला मोठा भाग रेंजवर संपवा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. तुमच्या जिल्ह्यात कुठे सोय आहे ते प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र देणाऱ्यांनाच विचारा. जुनी काडतुसं आधी उडवायची, नवी ठेवायची.

.२२ बद्दल: वहिनींनाही चालवता यावं म्हणून विचारलंत, तर हात खरंच कमजोर असेल तरच. 'निदर' नावाचं .२२ रिव्हॉल्व्हर अडीचशे ग्रॅमचं आहे, खेळण्यासारखं हलकं. पण .२२ च्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं, मध्यभागी नाही, त्यामुळे फुसकं निघण्याचं प्रमाण जास्त. शिवाय तुमचा परवाना तुमच्यापुरता आहे. वहिनींच्या नावावर वेगळा नसेल तर त्यांच्या हातात देण्याचा विचारच करू नका.

घरात ठेवताना: जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची पद्धत आहे, ती पाळा. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी गेली ती त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, मुंबईत राहत्या घरी. हल्लेखोर वगैरे कुणी नव्हता. लग्नात, वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी आता २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ एकदा वकिलाकडून समजून घ्या. बॅग हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली तर बचाव करणं फार अवघड जाईल. जीव धोक्यात असताना आणि बॅग हातातून गेलेली असताना, या दोन प्रसंगांत कायदा वेगवेगळा वागतो. पंपाचा विमा असेल तर रोकडीचंही त्यात बघा.

मी तुमच्या जागी असतो तर पोलादी बनावटीचं, बाजूला उघडणारं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं असतं आणि रोकड नेण्याची वेळ नि रस्ता रोज बदलला असता. खरेदीनंतर हत्याराचा नंबर मुदतीत परवान्यावर चढवून घ्या. आणि निवडणुका लागल्या की ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा केलंत तर पावती सांभाळा, परत घेताना तीच मागतात.