इंग्रजीत अवघडलेल्या हालचाली आणि उद्धट वागणं यांसाठी कोणती क्रियाविशेषणं वापरावीत?

इंग्रजीत कथा लिहिताना क्लम्झिली आणि रूडली हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा येतात, दुसरे सुचवा, असं तुम्ही विचारलंय. शब्द भरपूर आहेत. पण समानार्थी शब्दांच्या कोशातून कुठलाही एक उचलून चालत नाही. हालचाल कशामुळे बिघडली, ते आधी ठरवा.

कोपर लागून पेला कलंडला, हातातली वस्तू निसटली, की क्लम्झिली. हा निव्वळ वेंधळेपणा. हात कुठे ठेवावेत हेच कळत नसेल तर ऑकवर्डली. हा शब्द मनाच्या संकोचालाही चालतो, म्हणून अनोळखी घोळक्यात उभा असलेला माणूस ऑकवर्डली हसतो. एकदम उंच झालेल्या, हातापायांवर ताबा न आलेल्या पोरासाठी गॉकिली. अंग आखडलं असेल तर स्टिफली, तोल जात असेल तर अनस्टेडिली, अडखळत चालण्या-बोलण्याला हॉल्टिंगली.

उद्धटपणात बारकावे जास्त आहेत, कारण तिथे कोण कोणाशी बोलतंय हेही बघावं लागतं. कर्टली म्हणजे तुटकपणे. अपशब्द एकही नाही, पण दोन शब्दांत बोळवण केलेली असते आणि ती लागते. ब्रुस्कलीमध्ये तुटकपणाबरोबर घाई आणि रोखठोकपणा येतो; बोलणारा रागावलेला असेलच असं नाही. ग्रफली हा बराचसा आवाजाचा गुण आहे, त्यामुळे मनाने प्रेमळ असलेलं पात्रही ग्रफली बोलू शकतं, आणि कथेत हा विरोधाभास फार छान उतरतो. इन्सोलंटली मात्र जपून वापरा. ज्याचा मान राखायला हवा त्याच्याशी मुद्दाम उर्मटपणा केला, की हा शब्द बसतो. विद्यार्थी शिक्षकांशी इन्सोलंटली बोलेल. शिक्षक विद्यार्थ्याशी तसे बोलले असं लिहिलंत तर वाचकाला खटकेल. आगाऊपणाला इम्पर्टिनंटली. ब्लंटली मी उद्धटपणात धरत नाही, ते आडपडदा न ठेवता बोलणं झालं.

आता क्रियाविशेषणाच्या वाक्यातल्या जागेबद्दल, कारण माझ्या मते शब्दाच्या निवडीइतकंच हेही महत्त्वाचं आहे. ‘ही रूडली आन्सर्ड द क्वेश्चन’ या वाक्यातून सहसा असं कळतं, की त्याने उत्तर देणं हाच उद्धटपणा होता. प्रश्न कदाचित दुसऱ्याला विचारलेला असेल, शब्द अगदी सभ्य असतील. ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन रूडली’ म्हटलं, की उत्तर देण्याची तऱ्हाच उद्धट होती. हालचालीचंही तसंच. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली सबबींवरच्या व्याख्यानात गोगलगायीवर पाय पडल्याचं उदाहरण घेऊन हाच फरक दाखवला होता. क्लम्झिली क्रियापदाच्या आधी आलं, तर पाय पडणं ही चूक, वेंधळेपणाने झालेली. नंतर आलं, तर पाय देण्याची पद्धत बेंगरूळ होती, मग पाय भले जाणूनबुजून दिलेला असो. तुमच्या पात्राचा हेतू नुसत्या जागेवरून बदलतो, म्हणून वाक्य दोन्ही तऱ्हांनी लिहून बघाच.

शेवटी ली आहे म्हणून प्रत्येक शब्द क्रियाविशेषण ठरत नाही. अनगेनली (बेढब) आणि सर्ली (तुसडा) ही विशेषणं आहेत, त्यामुळे ‘इन अ सर्ली टोन’ अशी रचना करावी लागते.

आणि बऱ्याचदा क्रियापदच पुरतं. जडशीळ देहाने चालणारा लंबर्ड, पाय ओढत जाणारा शॅम्बल्ड, ठेचकाळणारा स्टम्बल्ड, एकदम झोकांडी जाणारा लर्च्ड. चिडून तोडून बोलणारा स्नॅप्ड, खेकसणारा बार्क्ड. असं क्रियापद मिळालं की मागे क्रियाविशेषण जोडू नका. ‘स्टम्बल्ड क्लम्झिली’मध्ये दुसऱ्या शब्दाला काही कामच उरत नाही.